गाडगे महाराज

नाशिकला गोदातीरी गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. तीर्थयात्रेस येणाऱ्या गोरगरिबांना निवारा मिळावा, म्हणून लोकांच्या देणग्यांतून त्यांनी ती उभारली.

महाराजांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. अमरावती जिल्ह्यातील एका परीट कुटुंबात १८७६ साली त्यांचा जन्म झाला. बारशाच्या जेवणावळीत दारू व मांसावर ऐपतीबाहेर खर्च करावयाचा, अशी तेव्हा रीत होती. डेबूजींनी आपल्या मुलीच्या बारशाला ती मोडली व पाहुण्यांना गोड जेवण वाढले. भाऊबंद रुसले, पण ते डगमगले नाहीत.

१९०५ साली त्यांनी घर सोडले. लोकांनी टाकून दिलेल्या चिंध्या जोडून ते अंगावर घेत. आपण तर बाही फाटली की सदराच टाकतो! मातीच्या एका गाडग्यात भाकरी घ्यावयाची आणि त्यातूनच पाणी प्यावयाचे, असा त्यांचा क्रम असे. गावात शिरताच ते खराटा घेऊन रस्ते झाडू लागत. पुष्कळांना ते प्रथम वेडे वाटत. रात्री मात्र तेच लोक त्यांच्या कीर्तनाला दाटी करीत. घरची ताटे मोडावी लागली तरी चालेल, पण मुलांना शिकवा, असे ते कळवळून सांगत; आणि सांगणाऱ्यापाशी स्वतःचे ताटच नाही, हे श्रोत्यांना समोर दिसत असे.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीनजीक त्यांचे देहावसान झाले.