पाव महमुदीचा हिशेब

मराठी वाचकाला वीरजी व्होरा ठाऊक आहे तो शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये लुटलेल्या सुरतेतील धनाढ्य सावकार म्हणून. त्याआधीची चाळीसहून अधिक वर्षे हा जैन व्यापारी कसा कमावत होता, याची चर्चा क्वचितच होते.

तापीच्या मुखाशी, आजच्या हजीऱ्यालगत, सुवाळीचा किनारा आहे. नदीचे पात्र उथळ असल्याने मोठी जहाजे सुरतेपर्यंत न जाता येथेच नांगर टाकीत. १६१२ मध्ये याच पाण्यात इंग्रजांनी पोर्तुगीज गलबतांना तोंड दिले आणि पुढे सुरतेत वखार थाटली. जहाजे ठरल्या वाऱ्यावर माल भरून परतलीच पाहिजेत, ही परदेशी व्यापाऱ्यांची खरी अडचण. वीरजीला मात्र थांबणे परवडत होते.

१६२५ चा मिरीचा सौदा पाहावा. महमुदी हे गुजरातेत चालणारे, रुपयाहून लहान चांदीचे नाणे. वीरजीने मणाला सव्वासोळा महमुदी भाव सांगितला. इंग्रजांची पोवळ्यांची २५ पेट्या खरेदी त्याला मिळाली, तर सोळावर यायची तयारी दाखवली. इंग्रजांनी दख्खनेत माणसे पाठवून स्वस्त मिरी शोधली, तर तेथेही त्याचे आडते अधिक भाव देऊन माल उचलत होते. सोडलेली पाव महमुदी म्हणजे भावाच्या जेमतेम दीड टक्का. दहा हजार मणांमागे अडीच हजार महमुदी. ती तो पोवळ्यांच्या विक्रीतून भरून काढणार होता. एका मालावरचा नफा आणि साऱ्या व्यवहाराचा नफा वेगळा, हे त्याला नेमके उमगले होते.

मालाचे पैसे नसतील तर कर्जही त्याच्याच पेढीवर मिळे. ज्याच्याकडून माल घ्यायचा, त्यालाच व्याजही मोजायचे! इंग्रजांनी त्याच्या दराबद्दल वारंवार कुरकुर केली आणि पुन्हा त्याच्याच दारी गेले. त्यांनी त्याची संपत्ती ८० लाख रुपये अंदाजली होती.

या वर्चस्वाला जोखीमही होती. १६३८ मध्ये सुरतेच्या सुभेदाराने त्याला कैदेत टाकले. शाहजहानच्या दरबारातून सुटका झाली. १६६४ च्या जानेवारीत त्याचा वाडा लुटून जाळला गेला. तरीही तो पेढीवर परतला. १६७० च्या सुमारास मात्र इंग्रजांच्या कागदपत्रांतून त्याचे नाव नाहीसे होते.