शिफारस नव्हे, पारख

इस्लामचे दुसरे खलिफा हजरत उमर (रजि.) यांनी इ. स. ६३४ ते ६४४ अशी दहा वर्षे मदिनेतून राज्यकारभार पाहिला. या काळात इराक, सीरिया, इजिप्त असे मोठे प्रांत राज्यात आले. प्रत्येक ठिकाणी सुभेदार हवा, काझी हवा, खजिनदार हवा. वशिलेबाजीला याहून चांगली संधी कोणती? पण उमर यांच्यापुढे नुसती शिफारस चालत नसे.

एकदा एका साक्षीदाराच्या चांगुलपणाची हमी द्यायला एक गृहस्थ पुढे आले. ते त्याचे शेजारी आहेत का, त्याच्याबरोबर प्रवास किंवा पैशाचा व्यवहार केला आहे का, असे उमर यांनी विचारले. तिन्हींचे उत्तर नकारार्थी आले. मशिदीत नमाज पढताना पाहिले, एवढीच ती ओळख! उमर यांनी ती हमी मानली नाही.

आणखी एक प्रसंग सांगितला जातो. एकाच्या नेमणुकीचा हुकूम तयार होत असताना उमर यांनी जवळ आलेल्या एका लहान मुलाचा पापा घेतला. आपण स्वतःच्या लेकरांचाही कधी पापा घेतला नाही, असे तो उमेदवार म्हणाला. हुकूम तिथेच रद्द झाला. ज्याला घरच्या लेकरांची माया नाही, तो रयतेवर काय माया करणार?

मक्का हे कुळाचा अभिमान बाळगणाऱ्या कुरैशांचे शहर. तिथल्या सुभेदाराने आपल्या गैरहजेरीत कारभार इब्न अब्जा या मुक्त केलेल्या गुलामाकडे सोपवला. उमर यांनी कारण विचारले. त्याला कुरआन आणि वारसाहक्काचे नियम उत्तम अवगत आहेत, हे कळताच ते समाधानी झाले.

नेमणूक झाली म्हणजे सुटका नव्हती. सुभेदारांच्या मालमत्तेची नोंद ठेवली जाई, हजच्या वेळी लोकांच्या तक्रारी ऐकल्या जात. कुफावासीयांनी तक्रार केल्यावर इराक जिंकणाऱ्या साद बिन अबी वक्कास यांनाही पद सोडावे लागले. मात्र त्यांना नालायकी किंवा बेइमानीसाठी काढलेले नव्हते, हे उमर यांनी पुढे स्पष्ट केले.

इ. स. ६४४ मध्ये पहाटेच्या नमाजच्या वेळी उमर यांच्यावर खंजिराचे वार झाले. मृत्युशय्येवर त्यांनी पुढचा खलिफा निवडण्यासाठी सहा जणांची समिती नेमली. तिच्यात साद होते. पुत्र अब्दुल्लाह विद्वान आणि सचोटीचे होते. पण त्यांनी फक्त सल्ला द्यावा, खलिफापदावर त्यांचा हक्क राहणार नाही, असे वडिलांनी बजावून ठेवले.