क्ष-किरणांचे जनक विल्हेल्म राँटजेन

थोर पुरुषांच्या यशापेक्षां त्यांच्या विद्यार्थिदशेंतील कसोटीचे प्रसंग आम्हांस अधिक बोधप्रद वाटतात. राँटजेन यांचें चरित्र याच कारणास्तव आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. त्यांच्या शोधाची मर्यादाहि सोबत सांगणार आहों.

राँटजेन यांचा जन्म २७ मार्च १८४५ रोजीं जर्मनींतील लेनेप गांवीं एका कापडव्यापाऱ्याच्या घरीं झाला. बालपण हॉलंडांत गेलें. उट्रेख्ट येथील शाळेंत एका विद्यार्थ्यानें शिक्षकांचें व्यंगचित्र काढलें व आळ राँटजेन यांच्यावर आला. त्यांनीं सोबत्याचें नांव सांगितलें नाहीं. शाळेंतून मात्र त्यांनाच काढण्यांत आलें. विश्वविद्यालयाचा सरळ मार्ग खुंटला, तरी ते खचले नाहींत. १८६५ सालीं झुरिच येथील तंत्रविद्यालयांत प्रवेश मिळवून १८६९ सालीं ते डॉक्टर झाले.

८ नोव्हेंबर १८९५ रोजीं वुर्झबुर्ग येथें काळ्या कागदानें झांकलेल्या काचनळींत विद्युत्प्रवाह सोडला असतां जवळचा लेप दिलेला पडदा चमकूं लागला. या अज्ञात किरणांस त्यांनीं 'क्ष' म्हटलें. २२ डिसेंबर रोजीं पत्नीच्या हाताचें छायाचित्र घेतलें; त्यांत हाडें व अंगठी स्पष्ट उमटलीं. १९०१ सालीं पदार्थविज्ञानाचें पहिलें नोबेल पारितोषिक त्यांस मिळालें. ती रक्कम त्यांनीं विश्वविद्यालयास दिली आणि शोधाचें पेटंटहि घेतलें नाहीं. १० फेब्रुवारी १९२३ रोजीं म्युनिक येथें ते निवर्तले.

या किरणांनीं कवटी दिसे, आंतील मृदु मेंदू दिसत नसे. ती उणीव १९७१ सालीं इंग्लंडांत हाउन्सफील्ड यांच्या सी.टी. यंत्रानें भरून काढली. तथापि कांहीं बालकांस हेच किरण घातक ठरतात. 'अटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया' हा आईबापांकडून येणारा दुर्मिळ रोग आहे. त्यांत लहान मेंदू झिजतो, मूल चालतांना झोके खातें, डोळ्यांच्या पांढऱ्या भागांत तांबड्या शिरा दिसूं लागतात, आणि बहुतेकांची प्रतिकारशक्ति क्षीण होऊन छातीचे विकार वारंवार जडतात. याचें मूळ असलेला जनुक १९९५ सालीं सांपडला. तो बिघडला म्हणजे पेशींतील तुटलेले आनुवंशिक धागे नीट जोडले जात नाहींत, आणि क्ष-किरण तर ते धागे तोडतात! म्हणून अशा मुलांचा मेंदू पाहण्यास चुंबक व रेडिओलहरींवर चालणारें एम.आर.आय. यंत्र वापरतात. रोगाच्या आरंभीं तें चित्रहि निर्दोष दिसूं शकतें. यास्तव रक्तपरीक्षा अवश्य असते. आमच्या दादरशेजारीं परळ येथें, के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारांतील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही संस्था प्रतिकारशक्तीच्या अशा आनुवंशिक रोगांचें निदान करते. रोग समूळ बरा करणारा उपाय अद्याप नाहीं. परंतु निदान वेळीं झाल्यास मूल अनावश्यक किरणांपासून वांचतें.

राँटजेन यांनीं सोबत्यास वांचविण्यासाठीं स्वतः हानि सोसली व मोठा शोध जगास विनामूल्य दिला. तो कोठें वापरावा आणि कोठें आवरावा, हें शिकणें आतां आपणां विद्यार्थ्यांकडे आहे.