स्टीव्ह जॉब्स : खेळाच्या कारखान्यांतून निघालेला कारागीर

दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हां भरली म्हणजे आमच्या वर्गांतील कांहीं बांकें रिकामीं दिसूं लागतात. त्यांवर बसणारीं मुलें आईबापांबरोबर ऊसतोडीस गेलेलीं असतात. जीं मागें राहतात तीं शाळा सुटल्यावर विटीदांडू व लगोरी बाजूस ठेवून कोणा एकाच्या मोबाईलभोंवतीं घोळका करून उभीं राहतात. तें पाहून पालक आम्हांस विचारतात कीं, या पडद्यावरील खेळांच्या पायीं मुलांचें पुढें काय होणार? या प्रश्नास एका शब्दांत उत्तर देणें आम्हांस साधत नाहीं. म्हणून आज आम्ही एका अशा पुरुषाचें चरित्र सांगत आहों कीं, ज्यानें तरुणपणीं आपली भाकर अशाच खेळांच्या कारखान्यांत मिळविली, जगास एक नामांकित यंत्र दिलें, आणि तरीही ज्याच्या त्या यंत्रावर खेळ मात्र कधीं सुखानें नांदले नाहींत. आमच्या बहुतेक बालवाचकांचा जन्म होण्यापूर्वींच तो हें जग सोडून गेला.

स्टीव्ह जॉब्स याचा जन्म अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को शहरीं ता. २४ फेब्रुवारी १९५५ रोजीं झाला. जन्मदात्या मातापित्यांनीं त्यास सांभाळण्याकरितां दुसऱ्यांच्या हातीं दिलें, व पॉल आणि क्लारा जॉब्स या साध्या दांपत्यानें त्यास आपला पुत्र म्हणून वाढविलें. पॉल हा यंत्रकाम जाणणारा कारागीर होता. कपाट असो वा कुंपण असो, जी बाजू कोणास दिसणार नाहीं तीही नीट घडविली पाहिजे, हा धडा त्यानें मुलास आपल्या कामांतूनच दिला. पुढें स्टीव्हनें यंत्राच्या पोटांतील पाटी देखील सुबक असावी असा हट्ट धरला, त्याचें मूळ या धड्यांत होतें.

सन १९७२ मध्यें तो रीड कॉलेजांत गेला. परंतु आईबापांची सारी पुंजी फीपायीं जात आहे हें मनास लागून सहा महिन्यांतच त्यानें रीतसर शिक्षण सोडलें. तथापि तेथेंच राहून तो सुंदर अक्षर काढण्याच्या वर्गास बसत असे. ही विद्या पोट भरण्यास निरुपयोगी दिसत होती. पण पुढें त्याच्या यंत्राच्या पडद्यावर जीं रेखीव अक्षरें उमटलीं, तीं याच वर्गाचें फळ होत.

सन १९७४ मध्यें त्यास अटारी नांवाच्या कंपनीत नोकरी मिळाली. या कंपनीनें १९७२ सालीं पाँग नांवाचा, पडद्यावर चेंडू टोलविण्याचा खेळ काढून मोठें नांव कमाविलें होतें. त्याच वर्षीं जॉब्स गुरूच्या शोधार्थ हिंदुस्थानांत आला व हिमालयाच्या पायथ्याशीं कैंची येथील आश्रमांत गेला. परंतु ज्या नीम करोली बाबांच्या दर्शनाची त्यास आस होती, ते १९७३ मध्येंच निवर्तले होते. कांहीं महिने हिंडून तो परतला आणि पुन्हां अटारींत रुजू झाला.

आतां जो प्रसंग सांगावयाचा आहे तो सुखाचा नव्हे. पण चरित्रांत गोड तेवढेंच सांगितलें तर तें चरित्र न राहतां स्तोत्र होतें. अटारीच्या मालकानें जॉब्सकडे ब्रेकआउट नांवाच्या नव्या खेळाची जुळणी सोंपविली. चेंडू मारून विटांची भिंत फोडावयाची, असा तो खेळ होता. जॉब्सनें आपला मित्र स्टीव्ह वॉझ्नियाक यास मदतीस बोलाविलें, व त्या बुद्धिमान मित्रानें चार अहोरात्र जागून काम पुरें केलें. मोबदल्याचे सातशें डॉलर असें समजून त्यास अर्धे, म्हणजे ३५० डॉलर मिळाले. पुढें कित्येक वर्षांनीं वॉझ्नियाक यास कळलें कीं, सुटे भाग कमी वापरल्याबद्दल जॉब्सला सुमारें पांच हजार डॉलरांचें बक्षीस निराळें मिळालें होतें. जॉब्सनें हें कधीं मान्य केलें नाहीं. वॉझ्नियाक याचें दुःख मात्र पैशाचें नव्हतें. मित्रानें गरज सांगितली असती तर आपण सर्व रक्कम आनंदानें दिली असती, असें तो सांगत आला आहे.

ता. १ एप्रिल १९७६ रोजीं या दोघांनीं ॲपल कंपनीचा पाया घातला. १९७७ सालीं निघालेल्या ॲपल-टू या यंत्रांत रंग, आवाज आणि खेळण्याच्या मुठी होत्या. कारण ब्रेकआउट हाच खेळ या यंत्रावर लिहितां यावा अशी वॉझ्नियाक याची इच्छा होती. म्हणजे घरोघर संगणक नेणाऱ्या या यंत्राचे कित्येक गुण खेळाच्या ओढीनें जन्मास आले.

पुढें ता. २४ जानेवारी १९८४ रोजीं जॉब्सनें मॅकिंतोश जगापुढें मांडला. चित्रांवर बोट ठेवावें तसें माउसनें काम करतां येणारें हें यंत्र पाहून लोक थक्क झाले. परंतु त्याचा पडदा लहान, रंग केवळ काळा व पांढरा, आणि किंमत २,४९५ डॉलर. त्यांतच, खेळ फार दिसले तर व्यापारी लोक यास खेळणें समजतील, अशी धास्ती कंपनीत होती. जो कारागीर खेळाच्या कारखान्यांतून आला, त्याच्याच घरीं खेळास ओसरीवर बसविलें गेलें!

१९८५ मध्यें कंपनीतील कलहामुळें जॉब्सला स्वतःचेंच घर सोडावें लागलें. त्यानें नेक्स्ट नांवाची दुसरी कंपनी काढली. दैवाचा खेळ असा कीं, १९९३ सालीं ज्यानें जग वेडें केलें तो डूम नांवाचा खेळ नेक्स्टच्याच यंत्रांवर रचला गेला. तो खेळला गेला मात्र इतरांच्या यंत्रांवर. त्याच वर्षीं एका धर्मोपदेशकाच्या दोन पुत्रांनीं, रँड व रॉबिन मिलर यांनीं, मिस्ट नांवाचा शांत, विचार करावयास लावणारा खेळ मॅकवर घडविला व तो जगभर गाजला. यावरून मॅक खेळास अपात्र होता असें म्हणतां येत नाहीं.

१९९७ मध्यें जॉब्स ॲपलमध्यें परतला व बुडत्या कंपनीस त्यानें तारलें. १९९९ च्या जुलैंत त्यानें न्यूयॉर्क येथें बंजी या मंडळीचा हेलो नांवाचा खेळ मोठ्या अभिमानानें दाखविला. परंतु पुढल्याच वर्षीं मायक्रोसॉफ्टनें बंजी विकत घेतली, आणि हेलो २००१ सालीं एक्सबॉक्सवर अवतरला. मॅकवर तो यावयास २००३ चा डिसेंबर उजाडला. मुलीचें लग्न आपल्या मांडवांत ठरावें आणि वरात दुसऱ्याच्या दारांतून निघावी, तशी ही गत झाली.

२००७ सालीं आयफोन व २००८ सालीं त्याचें ॲप स्टोअर निघालें, आणि खेळ जॉब्सच्या यंत्रांत अखेर आले. पण ते मेजावरील मॅकवर न येतां खिशांतील फोनवर आले. दीर्घ आजारानंतर ता. ५ ऑक्टोबर २०११ रोजीं, ५६ व्या वर्षीं, त्याचा अंत झाला.

त्याच्या पश्चात् मॅकवरील खेळांची स्थिति काय आहे? स्टीम नांवाच्या खेळांच्या मोठ्या बाजारांत मॅकवाल्यांचा वांटा शेकडा दोन-तीनांहून फारसा अधिक नसतो. याचें कारण यंत्राचें दौर्बल्य नव्हे. आमच्या पालकांस मनमाडचें जुनें स्टेशन आठवत असेल. एकीकडून ब्रॉडगेज येई, दुसरीकडे मीटरगेज सुरू होई, आणि माल एका गाडींतून उतरवून दुसरींत भरावा लागे. मॅकचा रूळ असाच वारंवार बदलला : १९९४ मध्यें एकदां, २००६ मध्यें पुन्हां, आणि २०२० मध्यें ॲपलनें स्वतःची चिप घातली तेव्हां तिसऱ्यांदा. २०१९ मध्यें ३२ बिटांचे जुने खेळ एका नव्या आवृत्तीनें एकदम बंद पडले. इंजिन कितीही बलवान असो, रूळ टिकण्याचा भरंवसा नसेल तर व्यापारी माल कसा भरणार?

तरीही आशेस जागा आहे. नव्या चिपा खरोखर वेगवान आहेत. विंडोजवरील खेळ मॅकवर आणणें सुलभ व्हावें म्हणून ॲपलनें २०२३ मध्यें एक साधन दिलें. २०२५ च्या मार्चमध्यें असॅसिन्स क्रीड शॅडोज हा मोठा खेळ इतर यंत्रांबरोबर त्याच दिवशीं मॅकवर आला, व जुलैंत सायबरपंक २०७७ आला. जुने कार्यक्रम नव्या चिपेवर चालविणारा रोझेटा नांवाचा दुभाषी मात्र पुढें आवरता घेतला जाणार आहे. जुन्या, कोणी सांभाळीत नसलेल्या खेळांपुरता त्याचा कांहीं भाग ठेवूं, एवढें ॲपलनें सांगितलें आहे. तें वचन कितपत पाळलें जातें, यावरच पुढील विश्वास अवलंबून राहील, असें आम्हांस वाटतें.

आमच्या जिल्ह्यांत मॅक असलेलें घर विरळा. मग हें चरित्र आमच्या मुलांच्या काय कामाचें? पालकांस आमचें नम्र सांगणें असें कीं, खेळाकडे केवळ शत्रु म्हणून पाहूं नये. वॉझ्नियाक यासही खेळाची ओढ होती. पण तो खेळ पाहत बसला नाहीं, त्यानें तो घडविला. आपला मुलगा वा मुलगी पडद्याकडे किती वेळ पाहते हें तर विचाराच. पण त्यांतून कांहीं करून पाहण्याची इच्छा उठते कीं नाहीं, हेंही विचारा.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस एवढेंच : कुंपणाची न दिसणारी बाजू नीट घडवावी हें जॉब्स बापाकडून शिकला, यंत्रांत त्यानें तो धडा पाळला, परंतु मित्राचें सांगणें खरें असेल तर मोबदल्याच्या हिशेबांत तो पाळला नाहीं. हिशेब ही देखील कुंपणाची मागली बाजूच होय. ती कोणास दिसत नाहीं. म्हणूनच ती सरळ असावी.