नदीच्या पोटातली विहीर

१५ सप्टेंबर आला की फोटोला हार पडतो, दोन-तीन भाषणं होतात आणि इंजिनिअर्स डे संपतो. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या म्हटलं की आपल्याला आठवतं ते कृष्णराजसागर, १९५५ चं भारतरत्न आणि आपल्या नागपुरातलं व्हीआरसीई, म्हणजे आताचं व्हीएनआयटी. मित्रांनो, मी सिव्हिलचा. मला मात्र धरणापेक्षा त्यांचं सक्करचं काम जास्त भावतं.

जन्म १८६१, गाव मुद्देनहळ्ळी. वडील लवकर गेले. बंगळूरला शिकवण्या घेत घेत बी.ए. केलं, मग म्हैसूर सरकारच्या स्कॉलरशिपवर थेट पुणे. तिथल्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये (आजचं सीओईपी) १८८३ साली पहिला नंबर, आणि १८८४ पासून मुंबई इलाख्याच्या पीडब्ल्यूडीत नोकरी. नाशिक, खानदेश असं फिरले. म्हणजे माणूस कानडी मुलुखातला, पण इंजिनिअर झाला तो आपल्याकडे!

१८९३ च्या सुमारास त्यांना सिंधमधल्या सक्करला पाठवलं. गावाला पाणी सिंधू नदीचं, आणि ते गढूळ. पाणी टेकडीवर चढवून तिथे फिल्टर बेड बांधायचे तर नगरपालिकेकडे पैसे नाहीत. आता हा प्रश्न नुसत्या रंगाचा नव्हता, बरं का. १८९२ साली जर्मनीत हॅम्बुर्गमध्ये कॉलऱ्याने हजारो माणसं मेली. शेजारचं आल्टोना त्याच एल्बे नदीचं पाणी पीत होतं, पण वाळूतून गाळून; ते बरंचसं वाचलं. वाळूचा थर म्हणजे काय चीज आहे ते जगाला तेव्हा नीट कळलं.

विश्वेश्वरय्यांनी डोकं लढवलं. वाळू विकत कशाला आणायची? नदीच्या पात्रात आहेच की! काठाजवळ पात्रातच विहीर खणली आणि तिच्या तळातून नदीखाली बोगदा काढला. वाळूतून झिरपलेलं स्वच्छ पाणी विहिरीत जमायचं, तिथून पंपाने टेकडीवर. १८९५ साली योजना पुरी झाली. पुस्तकात तयार डिझाइन शोधणाऱ्या आम्हा पोरांना हे जरा झोंबायलाच हवं.

आज साध्या पोहण्याच्या तलावाच्या पंपरूममध्ये डोकावलं तरी हीच वाळू टाकीत बंद केलेली दिसते. सोबत क्लोरीन असतो आणि पीएच ७.२ ते ७.८ मध्ये धरायची कसरत. पीएच ८ वर गेला की क्लोरीन असूनही त्याची मारकशक्ती बरीच घटते. आणि डोळे चुरचुरले की आपण क्लोरीन जास्त झाला म्हणतो, पण बहुतेक वेळा तो घाम आणि लघवीशी संयोग झालेला क्लोरीन असतो. (आंघोळ करून उतरा, एवढंच सांगतो!) सक्करच्या वेळी यातलं काही हाताशी नव्हतं. पीएच हे मोजमाप आलं १९०९ साली. अमेरिकेत जर्सी सिटीने नळाच्या पाण्यात कायमचा क्लोरीन घालायला सुरुवात केली १९०८ साली.

त्याच १९०८ साली विश्वेश्वरय्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. चीफ इंजिनिअरची खुर्ची हिंदी माणसाला मिळणार नाही, हे त्यांना दिसत होतं. पुढे मुसीच्या पुरानंतर हैदराबादने बोलावलं, मग म्हैसूरने. तिथे आधी चीफ इंजिनिअर आणि १९१२ पासून दिवाण. १९६० साली नागपुरातलं ते कॉलेज निघालं तेव्हा ते हयात होते, पण कॉलेजला त्यांचं नाव मिळालं ते त्यांच्या निधनानंतर. शंभरी पार करून १९६२ साली ते बंगळूरला वारले.