ताकद हरवते कुठे? : अडॉल्फ केग्रेस

चिखलात गाडी अडकली की आपला पाय आधी ॲक्सिलरेटरवर जातो. इंजिन ओरडते, गाडी मात्र जागची हलत नाही. इंजिनाची ताकद जमिनीपर्यंत पोहोचण्याआधीच वाटेत कुठेतरी वाया जात असते. ही गळती शोधून बंद करण्यात ज्यांचे आयुष्य गेले, ते फ्रेंच तंत्रज्ञ म्हणजे अडॉल्फ केग्रेस.

केग्रेस यांचा जन्म १८७९ साली पूर्व फ्रान्समधील एरिकूर येथे झाला. तरुणपणी ते रशियात गेले आणि झार दुसरे निकोलस यांच्या मोटारखान्याचे तांत्रिक काम पाहू लागले. हिवाळ्यात तिथल्या मोटारी बर्फात रुतत. अरुंद चाके खचत आणि जागीच फिरत. म्हणजे ताकद चाकापर्यंत येत होती, जमिनीला पकड मिळत नव्हती. केग्रेस यांनी मागच्या चाकांच्या जागी रुंद, लवचिक पट्टे बसवले. गाडीचे वजन जास्त जागेवर पसरले आणि ती बर्फावरून चालू लागली.

१९१७ च्या क्रांतीनंतर त्यांना रशिया सोडावा लागला. फ्रान्समध्ये मोटार उत्पादक आंद्रे सित्रोएन यांनी त्यांची कल्पना उचलून धरली. डिसेंबर १९२२ मध्ये या पट्ट्यांच्या पाच गाड्या अल्जीरियातील तुगूर्तहून निघाल्या आणि ७ जानेवारी १९२३ रोजी टिंबक्टूला पोहोचल्या. मोटारीने सहारा ओलांडण्याची ती पहिलीच वेळ होती. १९३१ मध्ये सित्रोएनच्या मध्य आशिया मोहिमेतील अशा दोन गाड्या श्रीनगरहून गिलगिटपर्यंत गेल्या. वाट तुटली तिथे गाडीचे भाग सुटे करून हमालांनी वाहून नेले.

पकडीचा प्रश्न सुटला, पण आणखी एक गळती उरली होती. गिअर बदलताना क्लच दाबला की इंजिन आणि चाकांचा संबंध क्षणभर तुटतो. चढावर किंवा वाळूत तेवढ्यातच गाडीचा जोर मोडतो. १९३९ मध्ये, साठाव्या वर्षी, केग्रेस यांनी दोन क्लचचा गिअरबॉक्स तयार केला. एक क्लच पहिल्या व तिसऱ्या गिअरसाठी, दुसरा दुसऱ्या व चौथ्यासाठी. एक काम करत असताना दुसऱ्यावरचा गिअर तयार राहतो. मोटारीवर त्याची चाचणीही झाली, पण युद्ध आडवे आले. १९४३ मध्ये केग्रेस वारले. त्यांची ही कल्पना विक्रीच्या मोटारीत आली ती २००३ साली.

कॅडेट मित्रांनो, गाडी अडली तर ताकदीची वाट इंजिनापासून जमिनीपर्यंत क्रमाने तपासा. इंजिनाचा वेग वाढतो, चाके हलत नाहीत आणि जळका वास येतो, तर क्लच घसरत असण्याचा संशय आधी घ्या. क्लच पूर्ण दाबूनही गिअर करकरत पडतो, तर बहुधा क्लच नीट सुटत नाही. एकच ठरावीक गिअर निसटतो, तर गिअरबॉक्स पाहा. चाके फिरतात पण गाडी रुततच जाते, तर यंत्राला दोष देऊ नका, पकड शोधा. चुकीच्या जागी लावलेला जोर गाडीला आणखी खोल नेतो. केग्रेस यांनी जोर वाढवण्याआधी गळती शोधली, म्हणूनच त्यांच्या गाड्या वाट नसलेल्या मुलखातून पार झाल्या.