माधव जूलियन : प्रेमभंगाला गज्जलेचे रूप देणारे कवी

मराठीत गझलेचा पाया घालणारे कवी, फार्शीचे प्राध्यापक आणि छंदःशास्त्रज्ञ माधव त्र्यंबक पटवर्धन 'माधव जूलियन' या नावाने ओळखले जातात. विफल प्रेमाची व्यथा त्यांनी कवितेत निःसंकोचपणे मांडली आणि त्याची किंमतही मोजली.

त्यांचा जन्म २१ जानेवारी १८९४ रोजी बडोद्यात झाला. बडोदा व मुंबई येथील शिक्षणानंतर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात फार्शी शिकवू लागले. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाचे ते प्रमुख कवी होते. यशवंत, गिरीश आदी कवींच्या या मंडळाने काव्यगायनाद्वारे कविता सामान्य रसिकांपर्यंत नेली.

लावणीतील विरह बहुधा स्त्रीच्या मुखातून व्यक्त होत असे. गोविंदाग्रजांनी पुरुषाच्या प्रेमभंगाला वाचा फोडली होती. जूलियन यांनी तोच सूर सुशिक्षित तरुणाच्या जीवनात आणला. त्याच सुमारास दूर अर्जेंटिनात टँगो संगीताला शब्दांची जोड मिळत होती. कार्लोस गार्देल याने १९१७ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या एका गाजलेल्या टँगोगीतात प्रेयसी सोडून गेलेला पुरुष आपले एकाकीपण उघड करतो. या दोन परंपरांचा परस्परांशी संबंध नव्हता. मात्र पुरुषाने आपली हतबलता लपवू नये, हे धाडस दोन्हींत समान होते.

पुण्यात हे धाडस महाग पडले. एका विद्यार्थिनीशी असलेल्या स्नेहावरून वादळ उठले आणि त्यांना महाविद्यालय सोडावे लागले. त्यानंतरचा काही काळ हलाखीत गेला. १९२६ मध्ये 'विरहतरंग' हे विफल प्रेमाचे खंडकाव्य प्रसिद्ध झाले. पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांना पुन्हा अध्यापनाची संधी मिळाली. पत्नी लीलाबाई यांनी 'आमची अकरा वर्षे' या आत्मकथनात त्यांच्या सहजीवनाचे चित्रण केले आहे.

'गज्जलांजलि' हा संग्रह १९३३ मध्ये आला. फार्शी वृत्ते मराठीत रुजवणाऱ्या या कवीने 'फार्शी-मराठी कोश'ही सिद्ध केला होता. पुढे भाषाशुद्धीचा पुरस्कार करताना त्यांनी स्वतःच्याच कवितांतील फार्शी शब्द वगळले, हा त्यांच्या जीवनातील लक्षणीय विरोधाभास होय.

१९३६ मध्ये जळगाव येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. 'छंदोरचना' या ग्रंथासाठी मुंबई विद्यापीठाने १९३८ मध्ये त्यांना डी. लिट्. पदवी दिली. २९ नोव्हेंबर १९३९ रोजी, वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या अनेक गज्जलांत एकच भाव सलग वाहतो. प्रत्येक शेर स्वतंत्र असावा, हा दंडक पुढे सुरेश भट यांनी मराठीत दृढ केला. तरीही मराठी गझल आज ज्या वाटेने चालते, त्या वाटेवरची पहिली ठळक पावले जूलियन यांचीच आहेत.